डिजिटल मिक्सरचं फर्मवेअर अपडेट: आधी कॅलेंडर, मग पेनड्राइव्ह



आजचा धडा साउंड भाड्याने देणाऱ्यांसाठी आहे. मंडप-डेकोरेशनवाले, ऑर्केस्ट्रावाले, मंगल कार्यालयाचे मालक, भजनी मंडळाला सिस्टीम पुरवणारे, ज्यांच्याकडे स्वतःचा डिजिटल मिक्सर आहे ते सगळे यात आले. बटणं कुठली दाबायची आणि स्क्रीन कशी दिसते ते व्हिडिओत दाखवलंय. पण अपडेट कधी करायचं, त्याआधी काय तयारी लागते आणि कधी मिक्सरला हातच लावायचा नाही, हे निवांत वाचण्यासारखं आहे. म्हणून इथे लिहून देतोय. प्रिंट काढा आणि मिक्सरच्या फ्लाइटकेसमध्ये ठेवा.

दुकानावर हमखास येणारा प्रश्न असा असतो: “सर, नवीन फर्मवेअर आलंय. करू का?” मी उलट तीन प्रश्न विचारतो. पुढची ऑर्डर कधी आहे? बॅकअप कुठे आहे? आणि सध्या अडतंय कुठे? या तिन्हींची उत्तरं तयार असतील तर अपडेट हे अर्ध्या तासाचं काम आहे. नसतील तर तो जुगार आहे, आणि डावावर तुमची उद्याची सुपारी लागलेली आहे.

आजच्या धड्याचं सार एका वाक्यात सांगतो. अपडेट करणं हे तांत्रिक काम आहे, पण ते कधी करायचं हा धंद्याचा निर्णय आहे. तो मालकाने घ्यायचा, पोरावर सोडायचा नाही.

१. फर्मवेअर म्हणजे नेमकं काय?

जुन्या ॲनालॉग मिक्सरमध्ये आवाज तारेतून, पॉटमधून आणि फेडरमधून सरळ जायचा. एखादा चॅनेल बिघडला तर तेवढा चॅनेल सोडून बाकीचा कार्यक्रम व्हायचा. डिजिटल मिक्सर हा आतून कॉम्प्युटर आहे. माइकचा आवाज आत गेला की त्याचे आकडे होतात. ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब ही सगळी गणितं त्या आकड्यांवर होतात आणि शेवटी आकड्यांचा परत आवाज होऊन तो स्पीकरकडे जातो. ही गणितं कशी करायची, कुठलं बटण दाबल्यावर काय व्हायचं, कुठला इनपुट कुठल्या चॅनेलवर न्यायचा, हे सगळं ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. तो मिक्सरच्या आतल्या मेमरी चिपवर लिहिलेला असतो आणि पॉवर ऑन केली की आधी तो सुरू होतो.

शब्द तसा जुना आहे. १९६७ मध्ये अ‍ॅशर ऑपलर यांनी अमेरिकेतल्या ‘डेटामेशन’ मासिकातल्या लेखात तो वापरला. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर या दोन्हींच्या मधलं, म्हणून फर्मवेअर.

आपल्या कामाची गोष्ट अशी की अपडेट करताना मिक्सर आपलाच जुना प्रोग्रॅम पुसून त्या जागी नवा लिहितो. हे लिहिणं चालू असताना वीज गेली तर जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट, अशी अवस्था होऊ शकते. काही मिक्सर त्यातून सावरतात आणि पुन्हा अपडेट घेतात. काही स्क्रीनवर लोगो दाखवून तिथेच बसतात आणि मग सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. म्हणून पुढे विजेबद्दल जे सांगणार आहे ते टाळू नका.

२. करायचं कशासाठी?

“नवीन आहे म्हणून” हे कारण होत नाही. योग्य कारणं चारच आहेत.

पहिलं, एखादा दोष तुम्हाला खरोखर त्रास देतोय आणि कंपनीने रिलीज नोटमध्ये तो दुरुस्त केल्याचं लिहिलंय. रिलीज नोट म्हणजे फर्मवेअरबरोबर येणारा कागद: या आवृत्तीत काय नवीन, काय दुरुस्त आणि काय काळजी घ्यायची. लोक फाइल उतरवतात आणि हा कागद उघडतच नाहीत. आधी कागद वाचायचा, मग फाइल.

दुसरं, तुम्हाला हवी असलेली सोय नव्या आवृत्तीत आली आहे. उदाहरण देतो. बेहरिंजर एक्स३२ मध्ये पूर्वी इनपुट आठ-आठच्या गठ्ठ्याने फिरवावे लागायचे. ४.० या फर्मवेअरपासून एकेक इनपुट हव्या त्या जागी नेता येऊ लागला. ज्याच्याकडे ऑर्केस्ट्राची कामं आहेत आणि स्टेजवर सतत जागा बदलतात, त्याला याचा उपयोग आहे. ज्याचं काम लग्नातले दोन माइक आणि एक लॅपटॉप एवढंच आहे, त्याला यातून काहीच मिळत नाही.

तिसरं, नवीन सामान जोडायचं आहे. स्टेज बॉक्स, डान्टे कार्ड, टॅबलेटवरचं ॲप यांना मिक्सरची ठराविक आवृत्ती लागते. यामाहासारख्या कंपन्या कुठल्या फर्मवेअरबरोबर कुठलं एडिटर, कुठलं ॲप आणि कुठलं डान्टे फर्मवेअर चालतं याचा तक्ताच देतात. तो तक्ता बघितल्याशिवाय एकटा मिक्सर पुढे नेला तर मिक्सर चालू, पण स्टेज बॉक्स गप्प, असा प्रकार होतो.

चौथं, बाहेरचे इंजिनिअर. मोठ्या गायकाबरोबर येणारा इंजिनिअर आपली शो फाइल पेनड्राइव्हवर घेऊन येतो. त्याची फाइल नव्या आवृत्तीत बनवलेली असेल आणि तुमचा मिक्सर जुन्यावर असेल तर ती उघडेलच याची खात्री नसते. अशी ऑर्डर घेतानाच विचारून ठेवा, “फाइल कुठल्या व्हर्जनची आहे?” तुम्हाला हा प्रश्न सुचला, यातच समोरच्याला कळतं की माणूस कामाचा आहे.

या चारपैकी एकही कारण लागू होत नसेल, मिक्सर व्यवस्थित चालत असेल, तर जुन्या आवृत्तीवर राहण्यात काही कमीपणा नाही. गिऱ्हाइकाला आवाज ऐकायचा असतो, व्हर्जन नंबर नाही.

एक मोठं उदाहरण सांगतो. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं एक सदोष अपडेट जगभर गेलं आणि विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पडली. हा आकडा मायक्रोसॉफ्टने दिलेला. विमानं रखडली, दवाखान्यांची कामं थांबली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीचं अपडेट चुकू शकतं. त्यातून आपण घ्यायचा धडा साधा आहे: सगळीकडे एकाच वेळी अपडेट टाकायचं नाही. तुमच्याकडे एकाच मॉडेलचे दोन मिक्सर असतील तर आधी एकाचं करा. तो आठवडाभर वापरा. मग दुसऱ्याचं. एकाच दिवशी दोन्ही कधीही नाही.

३. कधी करायचं? आपल्या भागाचं कॅलेंडर

इथेच जास्त लोक फसतात. रात्री १० ला स्पीकर बंद करायचा नियम, त्यानंतर वायर गुंडाळायच्या, सामान गाडीत भरायचं, गोडाऊनला यायचं. एक वाजतो. उद्या दुसरीकडे लोडिंग. आणि त्या मधल्या वेळेत एखादा उत्साही पोरगा मोबाइलवर बघतो आणि म्हणतो, “मालक, पाच मिनिटांचं काम आहे.” दमलेला माणूस, दुसऱ्या दिवशी ऑर्डर आणि दुकानं बंद. अपडेटसाठी याच्याइतकी वाईट वेळ दुसरी नाही.

जयसिंगपूर-शिरोळ-इचलकरंजी पट्ट्यातला साउंडचा हंगाम डोळ्यासमोर आणा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. मार्गशीर्षात दत्त जयंती, नृसिंहवाडीला गर्दी, गावोगावी कार्यक्रम. पुढे माघ-फाल्गुन, चैत्रात जोतिबाची यात्रा आणि गावागावच्या यात्रा, वैशाखात पुन्हा लग्नं. हे पार मृगाच्या पावसापर्यंत. आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात. भाद्रपदात गणपती, मग नवरात्र, आणि मग परत तुळशीचं लग्न.

यात मोकळी जागा कुठे आहे? आषाढी एकादशी ते गणेश चतुर्थी. साधारण ५० दिवस. अधिक महिना मध्ये आला तर आणखी एक महिना. श्रावणात सप्ताह, कीर्तनं, १५ ऑगस्ट असं काही ना काही असतं, पण सलग आठ-दहा मोकळे दिवस सहज मिळतात. वर्षाचं मुख्य अपडेट याच काळात करायचं. गणपतीच्या किमान १५ दिवस आधी संपवायचं, म्हणजे काही बिघडलं तर सर्व्हिसला वेळ राहतो.

दुसरी छोटी खिडकी पितृपक्षाची. गणपती आणि नवरात्राच्या मधला पंधरवडा. गणपतीत एखादा दोष त्रास देऊन गेला असेल तर तेवढ्यापुरतं इथे करता येतं, तेही पहिल्या चार दिवसांत. शेवटच्या आठवड्यात नाही. तिसरी खिडकी पौष महिन्याची, लग्नं कमी असतात म्हणून.

आता अडचण बघा. आपला मोकळा काळ आणि पावसाळा एकच आहे. याच दिवसांत फांदी पडते, फ्यूज उडतो, लाइट जाते-येते. म्हणजे वेळ सर्वांत चांगली आणि वीज सर्वांत वाईट. त्याचा उपाय पुढे येतोच.

मिरज आपल्यापासून जवळ आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराला विचारा, मैफलीच्या संध्याकाळी कुणी तंबोरा जवारीच्या कामाला आणून देतं का? वाद्याचं काम आधी होतं, मग ते काही दिवस वाजवून बघतात, मग ते मैफलीला जातं. मिक्सर हेही आपलं वाद्यच आहे.

४. तयारी: पाच गोष्टी

अ) सध्याची आवृत्ती लिहून ठेवा. सेटअप स्क्रीनवर व्हर्जन नंबर दिसतो. त्याचा मोबाइलने फोटो काढा. स्टेज बॉक्स, डान्टे कार्ड आणि टॅबलेटवरच्या ॲपचाही.

आ) बॅकअप दोन ठिकाणी. सगळे सीन, शो फाइल, चॅनेल आणि इफेक्टचे प्रीसेट पेनड्राइव्हवर सेव्ह करा. नंतर तो पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून फाइल खरंच आल्यात का ते बघा. आणि सगळं ईमेलवर किंवा ऑनलाइन ड्राइव्हवरही टाका. “पेनड्राइव्ह गोडाऊनमध्येच आहे” असं मला सांगू नका. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै शिरोळ तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. मिक्सर आणि बॅकअप एकाच छपराखाली असतील तर पाणी दोन्हीला एकदमच गाठतं.

रूटिंग, सिंक आणि आउटपुटच्या स्क्रीनचेही फोटो काढा. फाइल उघडली नाही तरी फोटो बघून हाताने लावता येतं. दहा-बारा फोटो पुरतात.

इ) फाइल फक्त कंपनीच्या वेबसाइटवरून. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली, टेलिग्रामवर मिळालेली, मित्राने ब्लूटूथने पाठवलेली फाइल वापरायची नाही. ती अर्धवट असू शकते, दुसऱ्या मॉडेलची असू शकते. एक्स३२ आणि मिडास एम३२ हे एकाच घरातले भाऊ आहेत, दिसायलाही सारखे वाटतात, पण फर्मवेअर ज्याचं त्यालाच. मॉडेलचं पूर्ण नाव मिक्सरच्या मागच्या पट्टीवरून वाचून घ्या. शिवाय सध्या चालू असलेल्या जुन्या आवृत्तीची फाइलही उतरवून ठेवा. परत मागे यायची वेळ आली तर ती शोधत बसायला नको. मागे येता येतं की नाही, हे रिलीज नोटमध्ये आधी वाचा.

ई) पेनड्राइव्ह. ८ किंवा १६ जीबीचा, चांगल्या कंपनीचा, फक्त याच कामासाठी ठेवलेला. गाणी आणि सिनेमे भरलेला नको. बहुतेक मिक्सरना एफएटी३२ फॉरमॅट लागतो. एनटीएफएस किंवा एक्सएफएटी असेल तर मिक्सरला पेनड्राइव्ह दिसतच नाही आणि लोक उगाच मिक्सरला दोष देतात. अलेन अँड हीथच्या क्यू मालिकेत तर पेनड्राइव्ह त्या मिक्सरमध्येच फॉरमॅट करून घ्यायचा असतो.

वेबसाइटवरून येते ती झिप फाइल असते. ती लॅपटॉपवर उघडून आतली खरी फाइल बाहेर काढायची. बहुतेक मॉडेलमध्ये ती पेनड्राइव्हच्या सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवायची, कुठल्याही फोल्डरच्या आत नाही. नाव बदलायचं नाही. एकच फाइल दोनदा उतरवली की ब्राउझर नावापुढे कंसात एक आकडा लावतो. तसं नाव असेल तर मिक्सर फाइल ओळखत नाही. शंका आली की आधीची पुसा आणि नव्याने उतरवा.

उ) वीज. मिक्सर यूपीएसवर लावा. एक्स३२ साधारण १२० वॉट घेतो. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा कॉम्प्युटरचा यूपीएस बॅटरी चांगली असेल तर तो दहा मिनिटं सहज ओढतो, आणि अपडेटला नेहमीच्या बूटपेक्षा दोन-तीन मिनिटंच जास्त लागतात. तुमच्या मिक्सरचे वॉट मागच्या पट्टीवर लिहिलेले असतात, त्याप्रमाणे यूपीएस बघा.

यूपीएस आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, त्याची परीक्षा घ्या. मिक्सर चालू करा, यूपीएसची भिंतीवरची पिन काढा आणि पाच मिनिटं थांबा. मिक्सर चालू राहिला तर पास. दोन वर्षं पडून राहिलेल्या यूपीएसची बॅटरी बरेचदा अर्ध्या मिनिटात मान टाकते, आणि ते अपडेटच्या वेळी कळून उपयोग नाही. जनरेटर हा यूपीएसला पर्याय नाही. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत जो खंड पडतो, तेवढ्यात मिक्सर बंद पडलेला असतो. महावितरणचा देखभालीचा मेसेज आलाय का, आभाळ गडगडतंय का, हेही बघा.

५. प्रत्यक्ष अपडेट

वेळ सकाळची, ११ च्या सुमाराची. मोबाइल एकाच्या हातात, दुसऱ्याने फक्त मिक्सर बघायचा.

१. आधी ॲम्प्लिफायर आणि पॉवर्ड स्पीकर बंद करा. मिक्सर चालू-बंद होताना बसणारा दणका ड्रायव्हरला मारतो.

२. स्टेज बॉक्स, लॅपटॉप, राउटर सगळ्यांच्या वायर काढा. मिक्सर एकटा ठेवा. स्टेज बॉक्सचं वेगळं अपडेट असेल तर ते नंतर, कंपनीने सांगितलेल्या क्रमाने.

३. पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते. एक्स३२ आणि एम३२ मध्ये मिक्सर बंद करायचा, वरच्या यूएसबी सॉकेटला पेनड्राइव्ह लावायचा आणि ठराविक बटण दाबून धरून पॉवर ऑन करायची. ते बटण कुठलं, हे तुमच्या मॉडेलच्या आणि आवृत्तीच्या कागदावर बघा, कारण रॅक मॉडेलची बटणं वेगळी असतात. अलेन अँड हीथच्या क्यू मध्ये मिक्सर चालू असताना युटिलिटी स्क्रीनवरून अपडेट सुरू होतं. ज्यांना स्क्रीनच नाही, असे टॅबलेटवर चालणारे मिक्सर ब्राउझरमधून किंवा नेटवर्कच्या वायरने अपडेट होतात. तिथे वायफायचा मोह टाळा, लॅन केबल चालत असेल तर तीच वापरा.

४. सुरू झाल्यावर हात मागे. पेनड्राइव्ह काढायचा नाही, बटणं दाबायची नाहीत, पॉवर बंद करायची नाही. स्क्रीन मध्येच काळी होते, मिक्सर आपोआप परत चालू होतो, कधी टक्का एकाच आकड्यावर मिनिटभर थांबतो. हे नेहमीचं आहे. कंपनीने सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ होईपर्यंत वाट बघा.

५. पूर्ण झाल्याचा मेसेज आला की पेनड्राइव्ह काढा, मिक्सर बंद करून पुन्हा चालू करा आणि व्हर्जन नंबर वाचा. नवा आकडा दिसला तरच अपडेट झालं.

पेनड्राइव्ह ओळखलाच नाही असं दिसलं तर घाबरू नका. लिहिणं सुरूच झालेलं नसतं. एक्स३२ च्या मॅन्युअलमध्ये अशा वेळी मिक्सर बंद-चालू करायला सांगितलंय, तो जुन्या फर्मवेअरवर येतो. पेनड्राइव्ह बदला, फॉरमॅट तपासा, परत करा. लिहिणं सुरू झाल्यावर अडकलं आणि पुन्हा करूनही होत नसेल, तर स्वतः खोलू नका आणि तिसऱ्याला देऊ नका. स्क्रीनचा फोटो, मॉडेल, सिरीयल नंबर आणि जुनी-नवी आवृत्ती लिहून अधिकृत सर्व्हिसला पाठवा. एवढी माहिती दिली की फोनवरचे अर्धे प्रश्न वाचतात.

६. नंतरची तपासणी

अपडेट झालं म्हणजे काम झालं असं नाही. उरलेला दिवस तपासणीचा आहे. काही अपडेटनंतर सेटिंग मूळ जागी जातात. मिक्सर बिघडलेला नसतो, पण आवाज येत नाही.

- सॅम्पल रेट ४८ की ४४.१, आणि क्लॉक कोण देतंय. स्टेज बॉक्सशी हे जुळलं नाही तर टकटक आवाज येतो किंवा काहीच येत नाही.
- जुना शो लोड करा. रूटिंगच्या स्क्रीन आधीच्या फोटोंशी ताडून बघा.
- एक माइक घ्या आणि एकेक करून प्रत्येक इनपुटला लावा. ३२ असतील तर ३२. “पहिले चार चालले म्हणजे सगळे चालले” असं नसतं.
- फॅन्टम पॉवर चालू-बंद होते का.
- प्रत्येक आउटपुट: मेन, मॉनिटर, फिल, रेकॉर्डिंग.
- टॅबलेट जोडा. ॲपची आवृत्ती मिक्सरशी जुळते का. टॅबलेटवरचं ॲपचं आपोआप होणारं अपडेट बंद ठेवा, नाहीतर मिक्सर तुम्ही सांभाळाल आणि ॲप रात्रीत पुढे निघून जाईल.
- एक नवा सीन सेव्ह करा, मिक्सर बंद करा, चालू करा, तो सीन परत उघडा.
- शेवटी दोन तास गाणी लावून ठेवा.

आणि अपडेटनंतरचं पहिलं काम छोटं घ्या. बारसं, वाढदिवस, हॉलमधली बैठक. आपल्याकडे विक्रमसिंह क्रीडांगणावर ऊस परिषद होते. गावोगावचे शेतकरी दरावर काय ठरतंय ते ऐकायला येतात. तिथे ऐन भाषणात माइक पाच मिनिटं गेला तर लोक तुमचं व्हर्जन विचारणार नाहीत, नाव विचारतील. अशा सभेला नवं फर्मवेअर पहिल्यांदा घेऊन जायचं नसतं.

७. हिशेब मांडू

धंद्याची गोष्ट आकड्यांशिवाय पूर्ण होत नाही. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे टाका.

नीट केलेलं अपडेट: पेनड्राइव्ह ४०० रुपये, यूपीएस ३,००० (तो पाच वर्षं वापरला तर वर्षाला ६००), दोन माणसांची एक दिवसाची मजुरी १,६००. म्हणजे पहिल्या वर्षी २,६०० रुपये, पुढे त्याहून कमी.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फसलेलं अपडेट: दुसरा मिक्सर ऐनवेळी भाड्याने ५,०००. आणायला गाडी १,५००. तो मिक्सर अनोळखी, म्हणून चालवणारा माणूसही बरोबर घ्यायचा, २,०००. झाले ८,५००. तुमच्या मिक्सरची दुरुस्ती वेगळी. आणि दुसरा मिक्सर मिळालाच नाही तर १८,००० ची ऑर्डर गेली, ॲडव्हान्स परत, पोरांची मजुरी तरीही द्यायची. ज्याच्या घरचं लग्न होतं तो पुढच्या वेळी फोन करणार नाही, आणि त्याच्या भावकीतली चार लग्नंही गेली. ते कुठल्याच बिलात दिसत नाही.

म्हणून वर्षाच्या देखभालीत अपडेटचा एक दिवस पैशासकट धरा. वायर सोल्डर करायला, ट्रॉलीची चाकं बदलायला जसा दिवस काढता तसाच. आणि एक वही करा. तारीख, मॉडेल, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, कारण, कुणी केलं, बॅकअप कुठे आहे, तपासणीत काय आढळलं. एका अपडेटला एक पान. उद्या तुमचा हुशार पोरगा काम सोडून पुण्याला गेला तर त्याच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर जाते. वही गोडाऊनमध्ये राहते. तिचाही फोटो काढून ऑनलाइन ठेवा.

गोडाऊनच्या भिंतीवर चार ओळी लिहून लावा:

१. मालकाला विचारल्याशिवाय अपडेट नाही.
२. पुढच्या ऑर्डरला सात दिवसांपेक्षा कमी असतील तर अपडेट नाही.
३. बॅकअप उघडून बघितल्याशिवाय अपडेट नाही.
४. यूपीएसशिवाय अपडेट नाही.

गृहपाठ

या आठवड्यात अपडेट करू नका. फक्त एवढं करा. मिक्सर चालू करून व्हर्जनचा फोटो काढा. सगळे सीन पेनड्राइव्हवर घ्या आणि ऑनलाइन टाका. यूपीएसची पिन काढून तो किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून बघा. आणि कालनिर्णयवर आषाढी एकादशी ते गणेश चतुर्थीच्या मधला एक दिवस पेनाने गोल करून ठेवा. तासाभराचं काम आहे. ते झालं की अपडेट करायचं की नाही हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही, रिलीज नोट वाचून तुम्हीच ठरवाल.

पुढच्या धड्यात भाड्याने दिलेल्या सामानाची पावती आणि तुटफुटीचा करार कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत वही घ्या आणि पहिलं पान भरा.